दोनशे पायांचा प्रश्न

सरकारी इस्पितळाच्या मागे कृत्रिम पाय बनवायचं आमचं वर्कशॉप आहे. तिथे सव्वीस वर्षं साचे घडवणाऱ्या बाईंना सगळे पायवाल्या बाईच म्हणत. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. बाह्यांवर कायम प्लास्टरचे पांढरे डाग आणि जिभेला धार. नवा पाय घालून अडखळणाऱ्याला त्या दटावत, "नीट चाल रे बाबा, तू पडलास तर बदनामी माझी होते!" रडवेला माणूसही हसून पुढचं पाऊल टाकायचा.

त्या वर्षी युद्धाचं वारं सुटलं. सीमेपलीकडे सैन्य उतरवायचा ठराव संसदेत यायचा होता आणि तो एकमताने होणार हे सगळे धरूनच चालले होते. विरोधात बोलत होते एकटे म्हातारे मास्तर. सैन्य नक्की कशासाठी पाठवायचं, एवढंच ते विचारत. पूर्वी शाळेत शिकवायचे, आता खासदार. तीन दिवस ते उभे राहिले की सभागृहात आरडाओरडा व्हायचा, आणि त्यांच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी काळ्या रंगाने 'गद्दार' लिहून ठेवलं होतं.

अशात संसदेच्या समितीने आमच्या खात्याला बोलावलं. जखमींची सोय किती, हे त्यांना हवं होतं. आमच्या खातेप्रमुखांनी बाईंना बजावलं, "महिन्याला दोनशे पाय देऊ म्हणायचं आणि खाली बसायचं. बाकी चकार शब्द नको."

मी वर्कशॉपमधला बाईंचा मदतनीस, फाइल घेऊन बरोबर होतो. गाडीत बसतो न बसतो तोच बाईंच्या मुलीचा फोन आला. जावई सैन्यात होता आणि त्याची तुकडी सीमेवर उभी होती.

"आई, तिथे काही वेडंवाकडं बोलू नकोस. त्याच्या वरिष्ठांपर्यंत गेलं तर त्याचं काय होईल?"

"बघते," एवढंच बाई म्हणाल्या. आणि त्यांनी फोन ठेवला.

समितीची खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, खिडक्या बंद. बाहेर जमलेल्या लोकांच्या घोषणा काचेतूनही ऐकू येत होत्या. टोकाच्या खुर्चीवर मास्तर बसले होते. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

अध्यक्षांनी विचारलं, "आता महिन्याला किती पाय होतात?"

"बावीस."

"दोनशे होतील?"

मागून खातेप्रमुख खाकरले. बाई घोटभर पाणी प्यायल्या.

"माणसं आणि सामान द्या, होतील. पण साहेब, एक विचारू? हे पाय कशासाठी लागणार, ते ठरलंय का?"

"तो तुमचा विषय नाही."

"पाय माझा विषय आहे. मागच्या लढाईतली पोरं अजून येतात माझ्याकडे. दर दोन-तीन वर्षांनी पाय बदलावा लागतो. ती विचारतात, बाई, आम्ही नक्की कशासाठी गेलो होतो? तेव्हाही सगळे हो म्हणाले होते. सगळेच हो म्हणाले की मग किती पाय लागतील, एवढाच प्रश्न उरतो. ते मास्तर काय विचारतायत ते एकदा ऐकून तर घ्या."

एका सदस्याने टेबलावर हात आपटला. "तुमच्या घरातलं कुणी आहे का सीमेवर? असतं तर असं बोलला नसतात!"

"जावई आहे. पायदळात." बाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला. "त्याचं माप घ्यायची वेळ माझ्यावर येऊ नये."

अध्यक्षांनी कागद चाळले आणि म्हणाले, "या तुम्ही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बाईंचं ते उत्तर सभागृहात जसंच्या तसं वाचून दाखवलं. गोंगाट झालाच, पण या वेळी सत्ताधारी पक्षाचेच अकरा जण उठले आणि म्हणाले, आधी खुलासा करा, मग मत मागा. ठराव तीन आठवडे पुढे गेला. तेवढ्यात पलीकडून बोलणी सुरू झाली. ती रखडली, दोनदा मोडलीही, आणि त्या काळात सीमेवरच्या गोळीबारात आपले सात जण गेले. त्या सातांचं खापर काही लोक आजही बाईंच्या माथी फोडतात. पण सैन्य उतरलं नाही.

आठवड्याभरात बाईंची बदली भांडारात झाली. स्क्रू मोजायला. वर्कशॉपच्या दोन काचा फुटल्या. मुलीने बोलणं टाकलं. बाई डबा उघडून तशाच बसून राहत. एकदा मी विचारलं, "पस्तावा होतोय का?" त्या म्हणाल्या, "भीती वाटते. रोज."

तुकडी मागे आली तेव्हा पाच महिने उलटले होते. एका दुपारी जावई मुलीला घेऊन थेट भांडाराच्या दारात उभा राहिला. बाईंची नजर आधी त्याच्या पायांकडे गेली. मग त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"आम्ही रेडिओवर ऐकलं होतं," तो म्हणाला. "अर्धे तुम्हाला शिव्या घालत होते. अर्धे गप्प बसले. मी गप्प बसलो होतो."

मुलगी दारातच उभी होती. "माझा राग गेलेला नाही, आई."

"असू दे राग," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण आत येऊन बस तरी."