झऱ्यावरची पाटी

दुपारपासून एका जागी बसवत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

आज सकाळी अल्लीपूरजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. तिथे टेकडीच्या पायथ्याशी, पळसाखाली एक झरा आहे. त्याचं पाणी शाळेमागून वळत गावाखालच्या मोठ्या नाल्याला मिळायचं. बाबा दर उन्हाळ्यात झऱ्यातला गाळ हाताने काढायचे. ते गेल्यावर मी तिथे पक्कं टाकं बांधलं. स्वच्छ राहावं म्हणून तळालाही सिमेंट केलं आणि बाबांच्या नावाची पाटी लावली.

आज पाहतो तर टाकं कोरडं. शाळेमागचा ओहोळही कोरडा.

शेजारच्या वावरात शांताकाकू होत्या. त्यांनी मला आत बोलावलं. पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. सगळी तूर पिवळी पडली होती.

"तूनं झऱ्याचं तोंड बंद केलं, बाबू. पानी आता माह्या वावरात निघून राह्यलं. दोन वर्सं झाले."

"मंग मले सांगितलं काऊन नाई, काकू?"

"तुह्या बाबाचं नाव हाये ना त्याच्यावर."

मी तिथूनच मिस्त्रीला फोन लावला आणि टाकं फोडायला सांगितलं. तो म्हणाला, "पाटी आधी काढून घ्याची का?"

मी उद्या सांगतो म्हणालो. घरी आल्यापासून नुसता येरझारा घालतोय.

बाबांनी त्या झऱ्यावर कधी एक दगडही रचला नव्हता. मग आता ती पाटी मी कुठे लावू?