पाण्याने न बसणारी धूळ

आमच्या मावशीला प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात 'कागदवाली' म्हणतात. पंचवीस वर्षं ती रोज सकाळी शाळेच्या गच्चीवर चढते, हवा ओढणाऱ्या दोन यंत्रांतले कालचे गोल कागद चिमट्याने काढते, नवे बसवते आणि जुने वजनाला पाठवते. पहिल्या यंत्रात जाड-बारीक सगळीच धूळ अडकते. दुसऱ्यात फक्त बारीक, जी नाकाला हुलकावणी देऊन थेट फुप्फुसात उतरते.

यंदा शाळेमागच्या कारखान्याला दुसरी चिमणी हवी होती. महिनाभराची धूळ मर्यादेत आली की परवानगी मिळणार होती. पहिल्या चिमणीचा धूर येतो आमच्याच गल्लीत. माझी आई, म्हणजे मावशीची सख्खी बहीण, त्यानेच दमेकरी झाली. दुसरी चिमणी उभी राहिली तर घर सोडावं लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

महिना सुरू झाला आणि शाळेभोवती कारखान्याचे पाण्याचे टँकर फिरू लागले. सकाळ-दुपार रस्ता ओलाचिंब! पहिला कागद उजळत गेला आणि साहेबांचा चेहराही. दुसरा मात्र होता तसाच काळपट. मावशीने दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले.

"साहेब, पाण्याने रस्त्याची माती बसते. हे बारीक कण वेगळे. कोळशातलं गंधक जळलं की त्याचा वायू होतो. तो वर जातो, ऊन आणि ओलावा लागून त्याचेच कण बनतात. तिथे टँकर काय करणार? आभाळ धुणार?"

"तुम्ही कागद बदला, अक्कल पाजळू नका. पहिल्या यंत्राचाच आकडा पाठवायचाय."

मावशी कसली ऐकते! नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात ती रोज लिहू लागली: टँकर आला, पाणी मारलं, अमुक वाजता. साहेबांनी ती पानं फाडायला सांगितली. तिने वही त्यांच्यापुढे उघडी धरली.

"फाडा तुम्ही. मी बघते."

पानांवर छापील क्रमांक होते. साहेबांचा हात काही पुढे आला नाही. असल्या माणसांची मला मनापासून चीड येते.

सुनावणीत कारखान्याचा व्यवस्थापक छाती फुगवून म्हणाला, "धूळ निम्म्यावर आणलीय आम्ही." मावशी ताडकन उठली. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, खाली बसा."

"बसायचं असतं तर कधीच बसले असते," ती म्हणाली. "यांनी रस्ता धुतलाय, हवा नाही. दुसऱ्या यंत्राचा आकडा तसूभरही हललेला नाही. ही घ्या वही."

अध्यक्षबाईंनी एकेक शेरा मोठ्याने वाचला. तोवर व्यवस्थापकाची छाती बरीच खाली आली होती. परवानगी नाकारली गेली.

आठवड्यात मावशीच्या बदलीचा कागद आला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीवर. आई रडायला लागली.

"रडतेस काय? मला हलवतील. तुला नाही ना हलवता आलं?" मावशी तिच्यावरच खेकसली. "आणि कारखाना परत अर्ज करणार, लिहून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा माणूस गच्चीवर पोचला, तेव्हा त्याच्या मागून आई जिना चढत होती. चार पायऱ्या, थांबायचं, पुन्हा चार. वर गेल्यावर कठडा धरून तिने आधी श्वास घेतला.

"दुसरा कागद दाखवा," ती म्हणाली. "रोज येणार आहे मी."