रुमालाखालचा सौदा

दुपारच्या विसाव्यात सोपान काळेलचा डोळा लागतो न लागतो, तोच बाभळीच्या सावलीत गेनूआण्णा शिंगटे येऊन बसतो. गेनूआण्णा गेल्या श्रावणात वारला. घोड्यांचा दलाल. अख्ख्या अकलूजच्या बाजारात त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस सापडायचा नाही, आणि सोपानला साळुंकी ही घोडी त्यानंच विकलेली. आता मेला म्हणून सुधारला असेल, असं मानायला सोपान काही खुळा नाही.

"घोडीला तंग लागलाय," आण्णा म्हणतो.

लागलाय खरा. लांब पल्ल्याच्या शर्यतीचा शेवटचा टप्पा उरलाय, आणि खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, जिथं आवळतात तिथं, पुढच्या पायामागं, साळुंकीची कातडी सुजलीय. टप्प्याआधीच्या तपासणीत डॉक्टरांनी हात लावला आणि तिनं अंग चोरलं, की शर्यत संपली. शर्यतीचं एक वेळ जाऊ दे. जखम फुटली तर ती पुन्हा खोगीर पाठीवर घेईल का, हीच सोपानची खरी धास्ती.

"तुमास्नी कुणी सांगितलं?"

"तू येकदम आवळतूस. थोडा थोडा आवळावा. मग पुढचं पाय एकेक करून पुढं वढ. आत चिमटलेली कातडी सुटती."

"त्ये करतोय की मी."

बाभूळ आता नाही. अकलूजचा बाजार आहे; दावणीला दोर बांधलेत आणि घोडं एकही नाही. आण्णा खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची दलालांची रीत. आलं, आता खरं पोटातलं बाहेर येणार, असं म्हणत सोपान हात घालतो. आण्णाचा हात गार आहे आणि मूठ मिटलेली. एकही बोट पुढं येत नाही.

"काय पायजे ते बोला, आण्णा. फुकट तुमी कुणाला रामराम घातला न्हाई."

"काय नको."

हे ऐकून तर सोपान आणखीच सावध होतो. आता बाजारही नाही; नीरा नदीच्या पाण्यात दोघं गुडघाभर उभे आहेत. आण्णा तंग धुतोय, आणि घामाच्या मिठानं पाणी पांढरं होतंय.

"मग आलाय कशाला?"

आण्णा तंगाच्या आतल्या लोकरी नमद्यावरून अंगठा फिरवत राहतो.

"तिला इकली, तवा रडलो हुतो," तो म्हणतो. "बाजारात कुणाला सांगणार? धंदा बसला असता."

सोपानचा यावरही विश्वास बसत नाही. मग पुन्हा तोच रुमाल, आणि त्याखालची आण्णाची मूठ उघडते आणि त्याच्या तळहातात काहीतरी टोचतं.

तो दचकून जागा होतो. मूठ उघडून बघतो, तर गवताचं वाळकं कुसळ, त्याला तंगाच्या नमद्याची लोकर चिकटलेली. तो धावत साळुंकीकडं जातो, सुजलेल्या जागेवर भीतभीत हात ठेवतो. ती अंग चोरत नाही. तिचं त्याच्याकडं लक्षच नाही. कान टवकारून ती त्याच्या खांद्यावरून पलीकडं, बाभळीच्या सावलीकडं बघतेय आणि नाकातल्या नाकात हळू खिंकाळतेय. सोपानला तिनं अशी साद कधी घातलेली नाही.