दांड्याखालची उंची

ग्विलिमने चाळीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केल्या. कुठलीही गाडी समोर आली की तो आधी टपाची उंची बघायचा. किनाऱ्यावरच्या वाहनतळांच्या तोंडाशी सात फूट उंचीवर लोखंडी दांडा आडवा असतो, उंच घरगाड्यांनी आत मुक्काम ठोकू नये म्हणून. त्याखालून आपली बुटकी व्हॅन सफाईने काढण्यात त्याची निम्मी हयात गेली.

ती व्हॅन गंजली. आता नवी घ्यायची, तर जुन्या गाड्या विकणाऱ्या इद्रिसच्या आवारात दोन गाड्या उभ्या होत्या. एक तशीच बुटकी : पलंग, शेगडी आणि पलंगाखाली बादली. दुसरीचं छत वाढवून आत छोटंसं घरच केलेलं, संडासासकट.

"चारला दुसरं गिऱ्हाईक येतंय," इद्रिस म्हणाला, "त्याआधी काय ते ठरवा."

ग्विलिमच्या बायकोच्या, नेस्टाच्या, पाठीत हिवाळ्यात ऑपरेशन करून सळ्या बसवल्या होत्या. येतानाच तिने बजावलं होतं, "तुझा हात धरून बादलीवर बसायची वेळ आली, तर मी घरीच राहीन. तू जा एकटा." ही बाई नुसतं बोलत नाही, हे ग्विलिमला पक्कं ठाऊक होतं.

पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच! "उंच गाडी पोर्थ ग्वेनच्या किनाऱ्यावरच्या दांड्याखालून जायची नाही," तो पुटपुटला.

"बरं. बघते तुझी बुटकी," नेस्टा म्हणाली. "मला हात लावायचा नाही."

ती चढली आणि मध्येच अडकली. पाठ वाकेना, मान वर होईना. कपाळावर घाम आला. ग्विलिमने हात पुढे केला, मागे घेतला. इद्रिस उगाच टायर न्याहाळू लागला. शेवटी ती गुडघ्यांवर टेकली आणि रांगत मागे मागे बाहेर आली. गुडघे झटकून तडक आपल्या मोटारीत जाऊन बसली.

फाटकातून दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी आत वळली.

ग्विलिमने खिशातला टेप काढला. "उतर."

"आता काय?"

तिला मोटारीच्या दाराशी ताठ उभं करून त्याने तिची उंची मोजली. पाच फूट चार इंच. किनाऱ्यावरच्या एकूण एक दांड्याची उंची त्याला तोंडपाठ होती. तिची त्याने कधी विचारलीच नव्हती. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"इद्रिस, उंचवाली!" तो ओरडला.

"आणि पोर्थ ग्वेन?" नेस्टाने विचारलं.

"दांड्याबाहेर लावू. चहा तिथेही उकळतो."

नेस्टाने बुटाची टाच जमिनीवर आपटली. "बुटांसकट मोजलंस, शहाण्या," ती म्हणाली. "पाच-तीनच आहे मी."