चांदीला हळद लागली

२००६ साली हॉलंडातल्या आल्मेरेत माझ्या हातून एक मांजर पिवळं झालं. मांजर आमचं नव्हतं, ही त्यातली खरी अडचण.

ते शेजारच्या इनेकेचं होतं. बंगाल जातीचं, म्हणजे सोफ्यावर लोळणारा छोटा बिबट्याच! (बंगाल हे नुसतं नाव. बाईसाहेबांनी कोलकाता कधी पाहिलेलं नव्हतं.) त्यातही चंदेरी. पांढऱ्याशुभ्र, चमकत्या अंगावर काळेभोर ठिपके, आणि ठिपके तरी कसे? प्रत्येकाचा काठ गडद, आत राखाडी, शेजारच्यासारखा दुसरा नाही. पोटावरसुद्धा ठिपके! जिथे कुणी बघणार नाही तिथेही देवाने काम उरकून टाकलं नव्हतं. तिचं कागदावरचं नाव बरंच लांबलचक होतं, म्हणून माझी बायको मेधा तिला चांदी म्हणायची. मी तर तिच्या प्रेमातच होतो. मेधाचे लग्नातही काढले नसतील एवढे फोटो मी त्या मांजरीचे काढले.

इनेके आठवडाभर टिलबर्गला आईकडे निघाली, तेव्हा चांदीला आमच्याकडे सोपवून गेली. शनिवारी ती परतणार आणि रविवारी मांजरांचं प्रदर्शन, चांदीचं पहिलंच. दोन वर्षं इनेकेने त्याची वाट पाहिली होती. जाताना तिने मला बजावलं, चंदेरी मांजराच्या अंगावर पिवळी झाक दिसली की परीक्षक गुण कापतात. मी म्हटलं, तू अगदी निर्धास्त जा.

बुधवारी मी सुट्टी घेऊन घरी होतो. चांदी कुंपणाच्या काटेरी झुडपातून धडपडत आली आणि कूस चाटत बसली. वाकून बघतो तर डाव्या कुशीवर रक्त साकळल्यासारखी काळपट, बाणासारखी खूण. पशुवैद्याला फोन करावा हे डोक्यातही आलं नाही. आईने माझ्या प्रत्येक फुटलेल्या गुडघ्यावर जे केलं तेच मी केलं. चमचाभर हळद साजूक तुपात कालवली आणि दिली थापून.

तूप घालायला नको होतं. चांदीला ते फारच आवडलं. तिने आधी कूस चाटली, मग त्याच जिभेने पाठ, पोट आणि पंजे. अर्ध्या तासात मांजर नवरीसारखं पिवळं झालं आणि सोफ्यावर गौरी आल्यासारखी पावलं उमटली.

मी तिला आंघोळ घालायला नेलं. बंगाल मांजरांना पाणी आवडतं असं वाचलं होतं, ते खरं निघालं. ती टबात महाराणीसारखी बसली. मी साबण लावला आणि चांदी लाल झाली. नेमकी तेव्हाच मेधा ऑफिसातून आली.

"अरे, काय केलंस तिला?"

मी हळदीचं सांगितलं.

"हळदीला साबण लागला की ती लाल होते. तुझ्या शर्टावर कधी वरण सांडलंच नाही का?"

सांडायचं की. धुवायची आई.

पाण्याने लाल गेलं, पिवळं राहिलं. जखमही तशीच होती, पण रक्त येत नव्हतं. हळदीचा गुण, असं मी मेधाला ऐकवलं. तिने सोफ्यावरच्या पिवळ्या पावलांकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, हळदीच्या डागाला एकच औषध, कडक ऊन. आम्ही दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ नेहमीचंच, पातळ ताकासारखं. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. तीन वर्षं हॉलंडात राहून मी इथल्या हवेला जेवढ्या शिव्या दिल्या नव्हत्या, तेवढ्या त्या दोन दिवसांत दिल्या.

शनिवारी सकाळी ऊन पडलं! मेधा दोरीला पीस बांधून पुढे, चांदी तिच्यामागे, आणि ऊन सरकेल तशी आमची वरात या खिडकीतून त्या खिडकीत. पापड उलटावेत तशी आम्ही तिची कूस पालटत होतो. दुपारपर्यंत पाठ पांढरी झाली आणि ठिपके असे झळकले की मी सगळी काळजी विसरून बघत राहिलो. पोट तेवढं ती वर करेना.

इनेके चार वाजता आली. चांदी धावत गेली आणि तिच्या पायाशी उताणी पडली. पोट केशरी भातासारखं होतं.

मी सगळं कबूल केलं. तुझी दोन वर्षं माझ्या चमचाभर हळदीत गेली, असंही म्हणालो, आणि मी खरोखर रडायच्या बेतात होतो. पण जखम होती ना, म्हणून कूस दाखवली. इनेके वाकली आणि तिने बोटाने केस बाजूला सारून पाहिलं.

"ही जखम नाही," ती म्हणाली. "हा तिचा ठिपका आहे. असा बाण बघूनच मी तिला घेतली."

मेधाने कॅमेरा आणला. पहिल्या दिवशी मीच काढलेले चाळीस फोटो. डाव्या कुशीवर तोच बाण, जिथल्या तिथे.

रविवारी चांदीला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी बाणाचं खास कौतुक केलं. गुणपत्रिकेत पोटापुढे लिहिलं होतं, "किंचित उबदार छटा".

पुढच्या सुट्टीत इनेकेने चांदीला पुन्हा आमच्याकडे ठेवलं. या वेळी सोबत एक चित्र होतं. दोन्ही कुशी, पोट, शेपूट, सगळे ठिपके काढलेले आणि खाली एकच ओळ: हे सगळे असेच असतात. मेधाने ते फ्रिजवर लावलं आणि हळदीचा डबा माझा हात पोचणार नाही अशा जागी लपवला. त्या आठवड्यात आम्ही पांढरं वरण खाल्लं.