नारळासोबत दिलेली छडी

माझ्या सासरी मूल शाळेत घालायचं म्हणजे गुरुजींना नारळ द्यायचा आणि नारळासोबत एक छडी. विकतची चालत नाही. शेताच्या बांधावरच्या निर्गुडीचा सरळ फोक काढायचा, सोलून सावलीत वाळवायचा, तेल लावायचं, आणि घरातल्या थोरल्या माणसानं तो दोन्ही हातांनी गुरुजींच्या पुढ्यात धरायचा. शेत आता राहिलेलं नाही, तिथं उंच इमारती आहेत. पण बांधाचा एक तुकडा कुंपणाच्या कडेला तगून आहे आणि त्यावर निर्गुडीही आहे.

वारजे ओलांडून खडकवासल्याकडे निघालं की जी गावं पालिकेत येऊन पडली, त्यांतलं हे एक. मी कोथरूडची. लग्न करून रिक्षानं अर्ध्या तासावर आले आणि भलत्याच मुलखात पोचले. गावातल्या पालिकेच्या शाळेला जागा नवऱ्याच्या पणजोबांनी दिलेली, त्यामुळे आमची मुलगी तिथंच जाणार हे सासऱ्यांनी धरूनच चाललं होतं. मला ते आवडलंही होतं. माझ्या माहेरच्या सोसायटीत मूल मराठीत शिंकलं तरी आईबाप घाबरतात.

तिच्या पहिलीच्या पहिल्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, धुतलेला फेटा बांधला आणि छडी सरांच्या हातात दिली. मी आधीच सांगितलं होतं, "आबा, मुलांना मारणं आता गुन्हा आहे."

"गुन्हा कसला? मान हाय तो सरांचा."

सर पस्तिशीचे, किडकिडीत, दोन वर्ग एकत्र सांभाळून घसा बसलेले. त्यांनी हसून छडी घेतली, कपाटावर ठेवली. नवऱ्यानं फोटो काढला. घरच्या ग्रुपवर त्याला भरभरून अंगठे आले.

तिसरीपर्यंत तेच सर वर्गासोबत वर चढत आले. तिसरीतल्या एका दुपारी मुलगी घरी आली आणि मांडी घालून बसेना. जेवायला वाढलं तर उभ्यानंच जेवते म्हणाली. मी तिला वळवलं. दोन्ही पोटऱ्यांवर जांभळे वळ उठले होते, आणि एका ठिकाणी कातडी फाटून मोज्याला चिकटली होती. कोमट पाण्यानं भिजवून मी मोजा सोडवला. ती ओरडली नाही. दात आवळून भिंतीकडे बघत राहिली. तिच्या त्या गप्प राहण्यानं माझं डोकं फिरलं.

"काय केलंस तू?"

"सर म्हणाले पाढे पाठ करा. मी विचारलं, का."

"मग?"

"मग परत विचारलं."

असं विचारायला तिला मीच शिकवलं होतं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

नवरा कामावरून तडक आला. हा माणूस स्वतःच्या शाळेतल्या माराच्या गोष्टी लग्नाकार्यात रंगवून सांगतो. गुरुजींनी कसं ओणवं केलं, कसा फोडला, आणि सगळे पोट धरून हसतात. त्यानं लेकीच्या पोटऱ्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. बूट न काढता तो परत फिरला. मी गाडीवर मागे बसले. त्याला आवरायला नव्हे, मला बघायचं होतं.

सर वर्गात एकटेच वह्या तपासत होते. नवऱ्यानं त्यांना गळपट्टीला धरून उठवलं आणि फळ्यावर आपटलं. खडूची धूळ उडाली. "हात लावलासच कसा? आठ वर्षांची पोर आहे ती!" पहिल्या थपडेला सरांचा चष्मा गेला, दुसरीला ओठ फुटला. मला बरं वाटलं. लेकीच्या मोज्यातलं रक्त माझ्या नखांत होतं आणि सरांच्या हनुवटीवरून ओघळणारं रक्त पाहून मला अगदी मनापासून बरं वाटलं.

सरांनी हात उगारला नाही. ओठ पुसत त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "छडी तुमच्याच घरची आहे," ते म्हणाले. "नारळासकट दिलीत. तेव्हा फोटो काढत होतात ना?"

छडी कपाटावरच होती. टोकाला चिरफळलेली, मुठीपाशी हातानं घासून काळपट झालेली. इतकी काळी व्हायला एका मुलीला एकदा मारून पुरत नाही, हे माझ्या लक्षात आलं, पण त्या क्षणी मला माझ्या मुलीपुढे काही दिसत नव्हतं. नवऱ्याचा हात खाली आला. पोलिसांत आम्हीही गेलो नाही आणि सरही गेले नाहीत. का, ते दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

घरी आबा दारातल्या ओट्यावर बसले होते. नवऱ्यानं बापाच्या सदऱ्याला हात घातला. मी या घरात आल्यापासून त्यानं आबांपुढे आवाजसुद्धा चढवला नव्हता. त्यानं त्यांना अर्धवट उभं केलं, गुंड्या तटातटा तुटल्या. "तुम्ही दिलीत त्याला! माझ्या वेळेलापण तुम्हीच दिलेलीत!"

"अरं, मान म्हणून..."

"मान? माझी पाठ फोडली त्या गुरुजींनी!"

आबा धापा टाकत होते, पण जे बोलले ते शांतपणे बोलले. "ज्याच्या घरची छडी, त्याच्या पोरावर मास्तर हात राखून असतो. सगळ्या गावाला ठावं हाय. म्हणून तर देतो आपण. तुलाबी राखूनच मारलं होतं, लेका. दुसऱ्यांची पोरं तू बघितली न्हाईस."

नवऱ्यानं सदरा सोडला. मग आत येऊन पोळ्यांचा डबा भिंतीवर असा भिरकावला की गिलावा निघाला. तो खड्डा अजून तिथं आहे.

त्यानंतर मुलगी घरीच राहिली आणि आम्ही दोघं भांडत राहिलो. माझा निर्णय झाला होता: हिला मी घरी शिकवणार. कोथरूडमध्ये असं करणारं एक जोडपं होतं, त्यांच्याकडे जाऊन आले. त्यांचा मुलगा नाचणीचे लाडू वळत होता आणि ते त्याचं गणित चाललं आहे असं मला सांगण्यात आलं. लाडू बरे होते. तिथल्या शांततेचा मात्र मला हेवा वाटला. त्या पोरानं जन्मात कधी कुणी हात उगारलेला पाहिला नसावा. मी येताना पुस्तकं घेऊनच आले.

"घरी बसवलीस तर ती हरली," नवरा म्हणाला.

"मग जिंकायला पाठवू? परत रक्त काढून आणायला?"

"चार पोरांत मिसळू दे तिला. तुझ्या पदराला बांधून काय होणार तिचं?"

"तू मिसळलास ना? मग परवा बापाची गचांडी धरलीस ती कुठं शिकलास?"

त्यानं हात उचलला. खरंच उचलला. मी हातातली सांडशी घट्ट धरली आणि म्हटलं, "मार. मग बघ." तो हात काही क्षण हवेत तसाच राहिला, मग त्यानं तो आपल्याच मांडीवर हाणला आणि बाहेर निघून गेला. मुलगी स्वयंपाकघरातच मी आणलेलं पुस्तक उघडून बसली होती. पान काही उलटत नव्हतं.

संध्याकाळी ती ओट्यावर गेली. सदऱ्याचा प्रसंग झाल्यापासून आबांशी कुणी बोलत नव्हतं, आणि तेही जेवण बाहेरच घेत होते. मी खिडकीतून ऐकत होते.

"आबा, मी घरी शिकले तर तुमची छडी सरांकडेच राहणार?"

"राहीना. तुला न्हाई ना लागणार."

"माझ्या शेजारी बसते ना, बांधकामावर राहणारी? तिला रोज लागते. मला एकदाच लागली." जरा थांबून ती म्हणाली, "तिच्या आबांनी दिली असती तर तिला हळू लागली असती का?"

मला खिडकीत उभं राहवेना. कपाटावरच्या त्या छडीची काळपट मूठ माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी आबा फेटा न बांधता शाळेत गेले. मी मागोमाग गेले. वर्ग भरलेला होता. त्यांनी सरांपुढे दोन्ही हात पसरले, दिली होती तेव्हा धरले होते तसेच. "आमची वस्तू परत द्या, सर." सरांच्या ओठावर खपली होती. त्यांनी मुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि छडी काढून दिली. पहिल्या बाकावरची एक बारकी मुलगी छडी दारातून बाहेर पडेपर्यंत मान वळवून बघत राहिली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

घरी येऊन आबांनी कोयता घेतला. निर्गुडी वाळून टणक झाली होती. ते दगडावर ठेवून घाव घालत सुटले, तोंडानं शिव्या देत, कुणाला ते कळेना. एक ढलपी उडून त्यांच्या भुवईत घुसली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी हात थांबेना. शेवटी नवऱ्यानंच मागून त्यांचं मनगट धरलं. दोघं तसेच उभे होते, कोयता मधे. मग आबा मुलाच्या खांद्यावर कोसळून रडले.

तुकडे बंबात घातले. सकाळी बंब पेटवला आणि त्या पाण्यानं मुलीनं अंघोळ केली. पोटऱ्यांवर पाणी पडताच कळवळली आणि म्हणाली, "डबा भर, मी जाते." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण डबा भरला.

ती आली तशी मी विचारलं, "सरांनी आज कुणाला मारलं का?"

"हो. माझ्या शेजारच्या तिला. हातानं."

"मग?"

"मी उभी राहिले आणि विचारलं, का. मग अजून दोघं उभी राहिली."

"सर काय म्हणाले?"

"बसा म्हणाले. आम्ही बसलो नाही."

मी तिला दारात ओढलं. उजेडात दोन्ही गाल पाहिले, मग तळहात, मग मोजे उतरवून पोटऱ्या. जुने वळ हिरवट झाले होते. नवा एकही नव्हता.

"आई, हे तू उद्यापण बघणारेस का?"

"रोज," मी म्हटलं, आणि मोजे धुवायला टाकले.