मुंबई एकदा आमच्या वाळूवर आली

आमच्या क्लबच्या गोष्टी सांगायला मी बसलो की धाकटी सून चहाचं आधण दोनदा ठेवते. एका कपात हे प्रकरण आटोपणार नाही हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं. माझं तरी काय चुकतं? एक किस्सा सांगावा, तर त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, पण पेणच्या टीमचा गोलकीपर कुठल्या बाजूला उडी मारायचा ते अजून आठवतं.

नारळबाग फुटबॉल क्लब, नागाव. कुलाबा जिल्ह्यातला पहिला पगारी क्लब. हे मी छाती फुगवूनच सांगतो, आणि कुणाला शंका असेल तर त्यानं जरूर यावं, चहा तयार असतो. ती सगळी मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागची वर्षं. मी लेफ्ट हाफला खेळायचो.

*

क्लब काढला उस्मानशेठनं. त्याचे मचवे रेवदंड्यापासून मुंबईपर्यंत माल वाहायचे. मुंबईत कुठंतरी त्यानं गोऱ्या शिपायांची मॅच पाहिली आणि येताना कापडाच्या गाठींबरोबर एक बॉल घेऊन आला. शेठ स्वतः इतका जाड होता की त्याला स्वतःचे पाय दिसत नसत, पण वेड लागलं ते लागलंच.

आम्हाला तो पगार द्यायचा. म्हणजे काम त्याच्या मचव्यावर नाहीतर वाडीत, आणि खेळण्याबद्दल वेगळे नारळ. जिंकलो तर नारळ, हरलो तर नुसतं शहाळं. "हरलेल्याला पाणी पुरे," असं शेठचं म्हणणं होतं.

ही बातमी अलिबागला गेली. तिथले एक वकीलसाहेब एकदा मॅच बघायला आले आणि आमच्या धर्माला हटकून म्हणाले, "काय रे, खेळायचा पगार घेता म्हणे? लाज नाही वाटत?"

धर्मा कोळ्याचा पोरगा, आमचा राइट विंगर. त्यानं घाम पुसला आणि शांतपणे म्हणाला, "सायेब, तुमी बोलायचा घेता, आमी पलायचा घेतो."

वकीलसाहेब पुढं आमच्या प्रत्येक मॅचला यायला लागले. खुर्ची घरून आणायचे.

*

आमचं ग्राउंड म्हणजे समुद्र. ओहोटीला पाणी मागं सरलं की खालची वाळू सिमेंटसारखी घट्ट होते, तिच्यावर आम्ही खेळायचो. गोलला जाळी मासेमारीची. समुद्र लांब जातो अमावास्येला आणि पौर्णिमेला, संध्याकाळच्या वेळी. म्हणून मॅच त्याच दिवशी.

हे ठरवायचा लतीफमामू. शेठच्या मोठ्या मचव्याचा तांडेल, आमचा कॅप्टन आणि गोलकीपर. वय आमच्या दुप्पट, दाढी मेंदीनं रंगवलेली, हात वल्ह्याएवढे. सगळं गाव त्याला मामू म्हणायचं, त्याच्या मामासकट.

एकदा मामूनं पेणच्या टीमला अमावास्येला बोलावलं. तिकडून निरोप आला, अमावास्येला आम्ही शुभकार्य करत नाही.

मामूनं निरोप्याला बसवलं, जेवू घातलं, आणि जाताना म्हणाला, "त्यांना सांग, हरायला मुहूर्त लागत असंल तर पुनवेला या."

ते पुनवेला आले. मुहूर्त चांगला निघाला, आमच्यासाठी.

*

धर्माची आय मासळी विकायची. मॅचच्या दिवशी टोपली घेऊन कडेला बसायची. विक्री होवो न होवो, नजर पोरावर.

अलिबागच्या टीममध्ये एक आडदांड बॅक होता. त्यानं धर्माला तीनदा आडवा केला. रेफ्री होते आमच्या शाळेचे मास्तर, ते पाहुण्यांना काही बोलत नसत. तिसऱ्या वेळेला आय उठली, टोपलीतून दोन हलवे काढले आणि चालू खेळात मैदानात घुसली. मास्तरांची शिट्टी तोंडातच राहिली.

त्या बॅकच्या हातात तिनं हलवे ठेवले. म्हणाली, "घरी जेवाया देत न्हायत का रं तुला? माज्या पोराच्या तंगड्या नको खाऊस, यो घे."

बिचारा हातात मासे घेऊन उभा. टाकता येईना, ठेवायला जागा नाही. तेवढ्यात धर्मानं गोल मारला. मास्तरांनी तो दिला, आणि अलिबागवाल्यांनी तक्रारसुद्धा केली नाही, कारण त्यांचे बाकीचे सगळे हसत वाळूवर बसले होते.

*

मग आम्ही मुंबईला जायला लागलो. पावसाळा संपल्यावर तिथं एक टूर्नामेंट असायची. मामू मचवा हाकायचा, उतरून तोंड धुवायचा आणि गोलमध्ये उभा राहायचा. दुसऱ्या टीमचे कॅप्टन घोडागाडीतून यायचे. आमचा कॅप्टन टीमला स्वतः समुद्र पार करून आणायचा. आहे का कुठल्या क्लबात असा कॅप्टन?

पहिल्याच मॅचला घोटाळा झाला. तो समजायला आमचा नियम सांगायला हवा. वाळूवर आम्ही जमिनीकडच्या बाजूला रेघ मारायचो. समुद्राच्या बाजूला नाही, कारण तिथं रेघ टिकतच नाही. तिकडं बॉल पाण्यात तरंगायला लागला की आउट. तोवर पळत राहायचं.

मुंबईच्या हिरव्यागार मैदानावर धर्माला बॉल मिळाला. तो सुटला. पांढरी रेघ ओलांडली, सुटलाच. प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधून गेला, एका पारशी बाईंच्या छत्रीला वळसा घातला, सरबतवाल्याच्या हातगाडीमागून पुन्हा आत आला आणि गोल मारून उभा राहिला. रेफ्री शिट्टी वाजवून वाजवून लाल झाला होता.

"तुला लाइन दिसत नाही?"

"दिसली की," धर्मा म्हणाला. "पन पानी कुटं हाय?"

ती मॅच हरलो. पण पारशी बाई पुढच्या वर्षी आमच्या बाजूला बसल्या.

*

एका वर्षी टूर्नामेंट रमजानमध्ये आली. आमच्यातल्या निम्म्यांचा रोजा. मॅच भर दुपारी, ऊन असं की चेंडूला हात लावला तर चटका बसावा.

हाफ-टाइमला समोरच्या टीमला लिंबं कापून आली, पाण्याची बादली आली. आमच्यासाठीही आली. मामू सावलीला डोळे मिटून बसला होता. मी बादलीकडं बघितलं, धर्मानं बघितलं, आणि मग आम्ही दोघं जाऊन मामूच्या शेजारी बसलो. बाकीचेही येऊन बसले. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. बादली होती तिथंच राहिली.

समोरचा कॅप्टन आला. "तुम्ही सगळेच मुसलमान का?"

मामूनं डोळे उघडले, आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. "नाय," म्हणाला. "आज सगळेच रोजेदार हायत."

जिंकलो आम्ही. संध्याकाळी मामूनं पहिला खजूर स्वतः न खाता धर्माच्या तोंडात घातला. गोष्ट इथवर आली की मी अजून उगाच चष्मा शोधायला लागतो. सून समजते आणि चहाचा कप पुढं सरकवते.

*

मामूची एकच इच्छा होती. दर मॅचनंतर, जिंको वा हरो, तो समोरच्या कॅप्टनकडं जायचा आणि म्हणायचा, "आता आमच्याकडे या."

ते हसायचे. कुणी म्हणायचा, वाळूत काय किल्ले बांधायचे? कुणी म्हणायचा, तुमच्याकडे ग्राउंड आहे कुठं, ते तर दिवसातून दोनदा बुडतं. मामूला हे फार लागायचं. परतताना सुकाणू धरून तो एकदा मला म्हणाला, "माझ्या बापानं मुंबईला नारळ नेले, मी नेले, तुम्हाला नेतो. सारी उमर आपण तिकडं जातो. मुंबईनं एकदा तरी आपल्या दारी यायला नको?"

वर्षं गेली. मामूची दाढी मेंदीला दाद देईना. आणि एका वर्षी एका गिरणीच्या टीमनं आम्हाला सेमी-फायनलला एका गोलनं हरवलं. मामू नेहमीसारखा गेला, नेहमीसारखं बोलला. गिरणीचा कॅप्टन परेरा, मोठा दिलदार माणूस. तो हसला नाही. म्हणाला, "आएगा मामू. बोलो कब?"

मामूनं आकाशाकडं न बघता सांगितलं, "पुनवेला."

*

त्या पौर्णिमेला गाव सणासारखं नटलं होतं. शेठनं मांडव घातला, बिर्याणीच्या डेगा चढवल्या. धर्माच्या आयनं टोपली भरून पापलेटं आणली आणि एकही विकलं नाही. पाली, माणगावहून माणसं बैलगाड्या जुंपून आली.

दुपारच्या भरतीला मचवा दिसला. मामू स्वतः त्यांना आणायला गेला होता. मचव्यातून होडी, होडीतून किनारा. आणि मुंबईची टीम आमच्या वाळूवर उतरली ती चालत नाही, रांगत.

वारा त्या दिवशी पिसाळला होता. गिरणीतली माणसं, समुद्र कधी अंगावर घेतलेला नाही. सगळ्यांची पोटं रिकामी झाली होती. संध्याकाळपर्यंत बाकीचे सावरले, पण तिघं मांडवात आडवे ते आडवेच. पाणी मागं गेलं, वाळू उघडी पडली, माणसांनी किनारा भरला, आणि परेरा मामूसमोर येऊन उभा राहिला.

"मामू, तीन आदमी खडा नहीं हो सकता. आज हमको हारा हुआ लिख लो."

शेठचा चेहरा खुलला. मुंबईला घरच्या वाळूवर हरवलं, असं आयुष्यभर सांगता आलं असतं. मामूनं मात्र मान हलवली.

"लिवून घ्यायला मी काय तलाठी हाय? तुला तीन माणसं देतो. आमच्याकडे तिघं जास्तीचे बसलेत, ते मी माझ्यात घेतो."

आणि त्यानं आमच्या टीममधून तिघांना बोलावलं. पहिलं नाव धर्माचं.

शेठ ओरडला, "लतीफ, अरे धर्माला कशाला? त्या बसलेल्यांतले दे की."

"शेठ, पाव्हण्याच्या ताटात शेपटीचा तुकडा वाढतात काय?"

शेठ मांडवात जाऊन बसला. धर्मा मात्र रडवेला. आणि मी? धर्मा राइट विंगर, मी लेफ्ट हाफ. म्हणजे तो आता माझ्याच अंगावर येणार होता.

पहिल्या हाफमध्ये तो आलाच नाही. बॉल मिळाला की दुसऱ्याला देऊन मोकळा. एकेक गोल झाला. हाफ-टाइमला मामू गोलमधून चालत त्याच्याकडं गेला. मी जवळच होतो.

"धर्मा, पायाला मेंदी लावलीस काय?"

"मामू, मना न्हाय जमत. तू गोलात हाईस."

"इतकी वर्षं बोलावत होतो, आज आली ती लोकं. अशी मॅच बघून गेली तर परत येतील काय?" मामूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खेळ, बाबा. माझ्यासाठी खेळ."

दुसऱ्या हाफमध्ये धर्मा खेळला. मी आयुष्यात इतका पळालो नाही. त्यानं मला दोनदा चकवलं, मी त्याला दोनदा अडवलं. सूर्य पाण्याला टेकला आणि मास्तर शिट्टी तोंडात घेणार, तेवढ्यात तो माझ्या उजवीकडून निघून गेला. समोर फक्त मामू. मामू पुढं आला, पूर्ण ताकदीनं झेपावला. काही सोडलं नाही त्यानं, हे मी शपथेवर सांगतो. बॉल त्याच्या बोटांना चाटून जाळ्यात गेला.

धर्मा तिथंच वाळूवर बसला, तोंड झाकून.

परेरा धावत गेला तो धर्माकडं नाही, मामूकडं. त्यानं मामूला उठवला, मिठी मारली आणि म्हणाला, "अगले साल फिर आएगा. चलके आना पडा तो भी आएगा."

शेठ मांडवातून डुलत डुलत मैदानात आला. डोळ्यांत पाणी. "हरलो ना रे लतीफ. सगळ्या गावासमोर, घरच्या वाळूवर हरलो."

मामू दाढीतली वाळू झाडत होता.

"गोल कुणी मारला, शेठ?"

"धर्मानं."

"धर्मा कुठला?"

"आपला."

"मग?" मामू म्हणाला, आणि मगरीबच्या नमाजाआधी हातपाय धुवायला पाण्याकडं निघून गेला.